गुणवंतरावांनी गाडीवर ठेवलेला गोटा

आमचे भाऊजी गुणवंतराव चांगले गृहस्थ आहेत, हे मी आधीच लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. झाला तरी माझी काही हरकत नाही म्हणा. माझी बहीण आशाबाई त्यांना दिली, तेव्हापासून त्यांची प्रत्येक फजिती मी पहिल्या रांगेत बसून पाहत आलो आहे. बहुतेक वेळा त्या फजितीचं दुसरं टोक धरायला मलाच बोलावलेलं असतं.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात ते राहतात. सगळी नोकरी राइस मिलमध्ये मिस्त्री म्हणून गेली. मिलचं मशीन बंद पडलं की मालक सुटा भाग आणायला नागपूरला माणूस धाडायचा, आणि तो माणूस नागभीडला पोचायच्या आत गुणवंतराव काहीतरी जुगाड करून मशीन सुरू करायचे. त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू दुसऱ्या कोणत्याही वस्तूनं दुरुस्त होते, असा त्यांचा पक्का समज झाला. मिलच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे त्यांच्या घरात जिथंतिथं आहेत. दाराच्या बिजागऱ्या पट्ट्याच्या, चपलांचे तळवे पट्ट्याचे, खाटही पट्ट्यानंच विणलेली. आशाबाईच्या चष्म्याची काडी तुटली तेव्हा तिनं तो चष्मा गुपचूप माझ्या भांड्यांच्या दुकानात आणून लपवला होता.

या माणसाला जगात एकाच व्यक्तीचा धाक आहे. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, बायनाबाई. त्या शेजारच्याच घरात राहतात. सत्तरी उलटली तरी पहाटे उठून मोहफुलं वेचायला जातात. तब्येत ठणठणीत. खोड एकच. बंद गाडीत बसल्या की पोटातलं सगळं बाहेर. मोटार असो, जीप असो, एसटी असो. एकदा वाहकानं दया येऊन त्यांना खिडकीशी बसवलं. नेमके तेव्हाच बाहेरून आमचे तलाठी पांढराशुभ्र शर्ट घालून मोटरसायकलवर चालले होते. त्यानंतर गावातल्या लोकांची तलाठ्याकडची कामं बरेच महिने रेंगाळली आणि बायनाबाईंनी एसटी कायमची सोडली.

बैलगाडीत मात्र त्यांना काही होत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्या मोठ्यानं गाणीसुद्धा म्हणतात. डोक्यावर आभाळ दिसलं की त्यांचं पोट गप्प बसतं, असा सगळा प्रकार आहे.

आता यात हसण्यासारखं पुष्कळ असलं तरी रडण्यासारखंही एक होतं. त्यांची एकुलती एक लेक साधना अहेरीला दिली आहे. मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग अहेरी, असा तो रस्ता. तिथवर ट्रॅक्टर कोण नेणार? साधना दिवाळीला माहेरी यायची, बाळंतपणालाही आली, पण बायनाबाईंनी लेकीचं घर कधी पाहिलंच नाही. निघताना साधना दर वेळी म्हणायची, “आई, तुले माह्यं घर कसं आहे हेच ठाऊक नाई.” आता तर साधनाची मुलगी नीलिमा तिच्याकडे बाळंतीण झाली होती. बायनाबाई पणजी झाल्या होत्या. बारशाचं बोलावणं करताना साधना फोनवर फणकारली, “याही वेळी आली नाई त मी समजीन, मले माहेर नाई.”

बायनाबाईंनी फोन खाली ठेवला आणि त्या पदरात तोंड घालून रडल्या. हे गुणवंतरावांनी पाहिलं. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि आठवड्याच्या आत त्यांनी नागपूरहून जुनी एसयूव्ही आणली.

“धनराज, इकडं पाय,” त्यांनी मला आत बसवून एक बटण दाबलं. छताचा तुकडा सरसर मागे गेला आणि वर आभाळ उघडं पडलं. “याले सनरूफ म्हणतेत. माह्यी बाई आता अहेरीले जाईल. बैलगाडीत बसल्यासारखी जाईल.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला भाऊजींचा अभिमान वाटला. मूल गावापर्यंत चाचणी झाली. बायनाबाई मागच्या सीटवर मधोमध बसल्या, मान वर करून. जाताना काही झालं नाही, येतानाही काही झालं नाही. उलट परत येताना त्यांनी गाणं म्हटलं. बारशाला जायचं पक्कं ठरलं आणि बायनाबाईंनी पणतूसाठी गोधडी शिवायला घेतली.

इथवर सगळं ठीक होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर अंगणात मोहाच्या झाडाखाली गाडी नव्हती. तिथं बोराटीचं एक भलंमोठं झुडूप उभं होतं. झुडपाला चार चाकं होती.

“भाऊजी, हे काय केलं?”

“वांदरं,” ते म्हणाले. “मोहाले येतेत अन् गाडीवर उड्या मारतेत. काच फुटली त?”

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे वानरांनी कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घरांचा जेवढा सत्यानाश केला आहे तेवढा पावसानंही केला नसेल. म्हणून छतावर काटेरी फांद्या पसरायच्या आणि त्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर गोटे ठेवायचे, ही इथली रीत. लहान पोरालाही शिकवावी लागत नाही. गुणवंतरावांनी छत पाहिलं आणि रीत पाळली. फक्त आजवर आमच्याकडच्या कुणाच्या छताला बटण नव्हतं.

“आत बस, तुले एक गंमत सांगतो,” म्हणून त्यांनी मला गाडीत बसवलं. गंमत अशी की एकही वानर फिरकलं नव्हतं. हे ते मला रंगवून सांगत होते. आत भट्टी पेटली होती. मी घाम पुसला.

“उकडते का? थांब, वरतून हवा येऊ देतो,” ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

काच मागच्या बाजूनं जरा वर उचलली गेली. वर काहीतरी गडगडत पुढे गेलं. मग असा आवाज झाला की मोहावरचे पक्षी उडाले. काचेच्या खाली सरकता पडदा असतो, तो बंद होता म्हणून आमची डोकी शाबूत राहिली. काचेचा चुरा आणि पायलीएवढा गोटा त्या पडद्यात येऊन बसला आणि पडद्याला पोट सुटलं. आम्ही दोघं मान वर करून त्या पोटाकडे बघत राहिलो.

आशाबाई पदर खोचून धावत आली. “अवो, काय फुटलं?”

“काई नाई,” गुणवंतराव आतून म्हणाले. “वांदर होतं.”

“कुठी आहे वांदर?”

“आतच बसलं आहे,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चंद्रपूरला घुग्घुस रोडवरच्या विनोदच्या गॅरेजमध्ये. वाटेत एकमेकांशी बोललो नाही, कारण वरून येणाऱ्या वाऱ्यात ऐकूच येत नव्हतं. विनोदनं आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग गोट्याकडे पाहिलं. तो आम्ही पुरावा म्हणून सोबत आणला होता. कशाचा पुरावा, ते मलाही ठाऊक नाही.

“काका, काच म्हंजे नुसती काच नसते,” विनोद म्हणाला. “गाडी कोणत्या सालची, हे पयले पाहा लागते. साल बदललं की वळण बदलते. तुमची काच लहान आहे, हे नशीब. अख्ख्या छतभर असती त आकडा सांगाच्या आधी मी तुमाले खुर्ची देल्ली असती.”

“आता उभ्यानंच सांग.”

त्यानं सांगितलं. गुणवंतरावांनी खुर्ची मागवली.

तेवढ्या पैशांत आमच्या गावात दोन खोल्यांवर टिनाचं छप्पर पडतं. अर्थात विनोद काही लुटत नव्हता, त्यानं एकेक गोष्ट उलगडून सांगितली. कंपनीची काच महाग. बाहेरची निम्म्यात येते, पण बसली तर बसली, नाही तर पावसाळ्यात डोक्यावर टपकते. सोबत रबर नवं घालावं लागतं. काच ज्या रुळांवर सरकते ते वाकले असतील तर तो खर्च निराळा, मोटर जळली असेल तर निराळा. छताचा आतला कपडा उतरवून परत चढवायचा, त्याची मजुरी. शिवाय काच नागपूरच्याही पुढून मागवायची, तिचं भाडं.

“एका कवेलूसाठी अख्खं घर उतरवतं का रे?” गुणवंतराव कळवळले.

“विमा आहे ना काका?”

भाऊजींचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून विम्याचा कागद काढला. विनोदनं तो वाचला आणि अदबीनं परत दिला. सर्वांत स्वस्तातला विमा घेतला होता. “काका, हा दुसऱ्याच्या नुकसानीचा आहे. तुमच्या स्वतःच्या काचेले काई भेटत नाई.”

“म्हंजे मी दुसऱ्याच्या गाडीवर गोटा ठेवाले पायजे होता का?”

विनोदनं गोटा उचलून बाजूला ठेवला.

मग भाऊजींमधला मिस्त्री जागा झाला. वर टिनाचा पत्रा ठोकू, कडेला मिलच्या पट्ट्याची किनार लावू, चार रिबिटा मारू, झालं काम! विनोदनं अक्षरशः हात जोडले. छताच्या चौकटीला एक भोक पाडलं की चौकट गेली, मग काच नव्हे, वरचा सगळा सांगाडा घ्यावा लागेल, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. शेवटी त्यानं काचेचा कण न् कण काढला, मोटर चालवून पाहिली, रूळ तपासले. दोन्ही धड निघाले. त्यानं चौकटीच्या कोपऱ्यातल्या बारक्या नळीत तार घातली तेव्हा मात्र आतून वाळकी मोहफुलं निघायला लागली. निघतच राहिली. सगळ्या गॅरेजमध्ये वास पसरला.

“काका, दारू गाळून राह्यले होते का गाडीत?” तो म्हणाला. “छतावरचं पाणी या नळ्यांतून खाली जाते. ह्या बुजलेल्या राह्यल्या असत्या त पावसात सारं पाणी वायरिंगमध्ये. तो खर्च काचेच्या वरताण.”

म्हणजे एका अर्थी गोट्यानं उपकारच केले, असं गुणवंतराव म्हणू लागले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

आता खरी अडचण. काच यायला दोन आठवडे आणि बारसं तर येत्या रविवारी संध्याकाळी. विनोदनं उघड्या चौकटीवर जाड प्लास्टिक ताणून चिकटपट्टी लावून दिली. प्लास्टिकखाली गाडीत बसलं की पुन्हा बंद गाडीच. आम्ही हार मानली नाही. नागपूरला भंगारबाजारात गेलो. उन्हातान्हात वणवण करून तशाच गाडीची काच शोधली, जुन्या चादरीत गुंडाळून आणली. ती एका बाजूनं बसली आणि दुसऱ्या बाजूनं दोन बोटं वर राहिली. तीच गाडी, तोच रंग, पण साल पुढचं. विनोदनं बजावलं होतंच. गुणवंतराव म्हणाले, “वरतून गोटा ठेवला त बसल.” आशाबाईनं त्यांच्या हातातून काच काढून घेतली.

शुक्रवार आला तसे भाऊजी अगदी खचले. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मी चहा नेला तर म्हणाले, “लहानपणी मले खांद्यावर बसवून बाजारात नेत होती ते. अन् मले तिले एका डाव अहेरीले नेता येत नाई. कायचा भाऊ मी?” एरवी मी त्यांना टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मारला नाही. त्यांना उठवून बसवलं आणि कपबशी हातात दिली.

बायनाबाईंना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. गाडी नाल्यापलीकडे माझ्या चुलतभावाच्या गोठ्यात लपवली होती. रविवारी सकाळी आम्ही तिथं गाडीपाशी होतो, तर त्या स्वतःच गोठ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. काखेत गोधडी, हातात पिशवी. गावात गाडी लपवता येते होय? आम्ही तिघं माना खाली घालून त्यांच्यासमोर उभे राहिलो. भाऊजी माझ्या मागे सरकले, म्हणून मीच म्हणालो, “बाई, गाडीचं छत फुटलं. काच दोन हप्ते येत नाई. जाता नाई येणार.”

बायनाबाईंनी पिशवी खाली ठेवली. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दार उघडून, सीटवर गुडघे टेकून वर पाहिलं. एका बोटानं प्लास्टिक दाबलं. चिकटपट्टी टरटर सुटली. त्यांनी ते सगळं ओढून बाहेर फेकलं आणि त्या चौकोनातून डोकं बाहेर काढून आमच्याकडे पाहिलं.

“इथी काच होती?”

“हो बाई.”

“मी बसतो तवा ते काच कुठी राह्यते?”

गुणवंतराव चाचरले. “मागं सरकवतो ना बाई. उघडं करतो.”

“मंग आता उघडंच आहे ना रे!”

गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. मला तरी तसं वाटलं. आशाबाई आधी हसली, मग तिला हसू आवरेना, शेवटी ती गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसली. चंद्रपूर झालं, नागपूर झालं, भंगारबाजार झाला, आणि जी काच प्रवासभर बाजूला सरकवून ठेवायची होती तिच्यासाठी आम्ही आठवडाभर रानोमाळ हिंडत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बायनाबाईंना पाहिजे होतं ते भोक, आणि ते गेल्या रविवारपासून तयार होतं.

“काऊन उभे राह्यले बावळटासारखे?” वरून आवाज आला. “चला!”

काच नंतर बसली, कंपनीचीच. आशाबाईनं बाहेरची घेऊ दिली नाही आणि विमाही चांगला काढायला लावला. पण ती गोष्ट इथं महत्त्वाची नाही.

आम्ही निघालो. भाऊजी चालवत होते, मी पुढे, मागे बायनाबाई आणि आशाबाई. आभाळ निरभ्र होतं, वर चौकोन उघडा. गडचिरोलीपर्यंत बायनाबाई झाडं ओळखत आल्या. “येन आला. हे बीजा. हा मोह, पण फुलं संपली याची.” चामोर्शीच्या पुढे एक गांधीलमाशी आत आली आणि भाऊजींच्या टाळूची चौकशी करून गेली. आष्टीनंतर लोखंडाच्या दगडाचे ट्रक लागले. एकेक ट्रक गेला की लाल धूळ सरळ वरून आत ओतली जायची. आशाबाईनं ओरडून ओरडून नवऱ्याच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. पण ओकारी? ओकारी झाली. मला झाली. आलापल्लीच्या अलीकडच्या खड्ड्यांत मी गाडी थांबवायला लावली आणि दार उघडून रस्त्याच्या कडेला धावलो. परत आलो तर बायनाबाईंनी पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. “सवय नसन तुले,” त्या मायेनं म्हणाल्या.

अहेरीत साधनाच्या दारी गाडी थांबली. दारात मांडव होता, पाहुणे जमले होते. गाडीतून चार लाल माणसं उतरली. साधना पुढे आली आणि आम्हाला ओळखेना. मग त्यातल्या सर्वांत लाल माणसाच्या काखेत तिला गोधडी दिसली.

“आई?”

बायनाबाई बाळाकडे गेल्याच नाहीत. गोधडी माझ्या हातात देऊन त्या सरळ घरात शिरल्या. ओसरी पाहिली, आतली खोली पाहिली, देवघरापुढे हात जोडले, मागच्या दारी जाऊन विहिरीत वाकून पाहिलं. साधना मागे मागे. पन्नाशीला टेकलेली, स्वतः आजी झालेली बाई, पण नव्या नवरीसारखी धांदलून दाखवत होती, “आई, हे कोठी. आई, हा पंखा औंदा लावला. आई, हा लिंबोणीचा झाड मीच लावला.” पाहुणे ताटकळले होते, पाळणा सजून तयार होता, पण कुणी घाई केली नाही. गुणवंतराव दाराबाहेर उभे राहून दुपट्ट्यानं डोळे पुसत होते आणि धूळ गेली, धूळ गेली, असं सगळ्यांना सांगत होते.

सगळं घर पाहून झाल्यावर बायनाबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. साधनानं चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. माहेरी गेली की चहा आईच करायची, आणि इथं आई कधी आलीच नव्हती.

“आई,” ती हळूच म्हणाली, “तुले साखर किती लागते व?”

“दोन चमचे,” बायनाबाई म्हणाल्या. “अन् तू बी घे माह्यासंग.”